खालचे तात्या

आमच्या डेअरीत दोन तात्या होते. एक वरच्या मजल्यावर बसून हजेरी सांभाळायचे, म्हणून ते वरचे तात्या. दुसरे फिटर. त्यांना सगळे खालचे तात्या म्हणायचे, पण त्याचा मजल्याशी संबंध नव्हता. हे तात्या सदोदित कशाच्या तरी खाली असायचे. नव्वदच्या दशकात बारामती एमआयडीसीतल्या त्या डेअरीत मी ज्युनियर इंजिनियर म्हणून रुजू झालो, तेव्हा पहिल्या दिवशी मला त्यांचे फक्त पाय दिसले. पाईपांच्या रांगेखालून दोन पाय बाहेर आलेले, एकात खाकी मोजा, दुसऱ्यात निळा. मी त्या पायांना नमस्कार करून माझं नाव सांगितलं. आतून आवाज आला, "जयभीम, सायेब. पायाची वळख झाली. तोंडाची जेवनाच्या सुट्टीत करू."

डेअरी म्हटली की लोकांना दूध दिसतं. आम्हाला पाईप दिसायचे. वाफेचे, थंड पाण्याचे, दूध गार ठेवायला लागणाऱ्या अमोनियाचे. दर काही फुटांवर ते लोखंडी अँगलवर टेकलेले असत, आणि त्या टेकण्याच्या जागेला आम्ही सपोर्ट म्हणायचो. पाईप गरम झाला की लांबतो, गार झाला की आखडतो, आणि त्या हालचालीत अँगलवर घासून त्याच्या बुडाचा रंग निघून जातो. मग तिथे पाणी साचतं आणि गंज आपल्या कामाला लागतो. वरून पाईप नव्या नवरीसारखा चकचकीत आणि खालून कुरतडलेला. तात्यांची सगळी नोकरी त्या दोन बोटं जागेत गेली. "पाईप हवंत मरत न्हाय, सायेब," ते मला म्हणाले होते, "बसल्या जागी मरतो." तेव्हा आमचे वरचे तात्या खुर्चीत बसून डुलक्या घेत होते, आणि खालच्या तात्यांनी त्यांच्याकडे बघून हे वाक्य पुन्हा एकदा म्हटलं.

यावर त्यांचा उपाय ठरलेला होता. पाईपाच्या बुडाला त्याच गोलाईचा जाड पत्रा बसवायचा आणि तो चारी बाजूंनी वेल्ड करायचा, टाचणी जाईल एवढीही फट ठेवायची नाही. शिवाय अँगलवर नायलॉनचा दांडा उभा चिरून, गोल बाजू वर करून बसवायचा. म्हणजे पाईप टेकतो तो फक्त त्या गोलाईच्या माथ्यावर, आणि पाणी दोन्ही अंगांनी खाली निघून जातं. हा दांडा ते दुसऱ्या कुणाला चिरू द्यायचे नाहीत. करवत घेऊन बसले की जीभ दातात धरून, दाराआडून कुणी बघतंय अशा लाजऱ्या चेहऱ्याने चिरत राहायचे. "पान्याला बसाया जागा दिली की ते बिऱ्हाड घिऊन येतंय," असं त्यांचं म्हणणं. डेअरीतल्या निम्म्या सपोर्टना असे दांडे बसले होते. उरलेल्या निम्म्यांची यादी त्यांच्या खिशात असायची, घामाने अक्षरं पुसली की ते ती पुन्हा लिहून काढायचे.

बुडं बघायला त्यांच्याकडे एक गोल आरसा होता, सायकलच्या स्पोकला तारेनं बांधलेला. हा आरसा मूळचा काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. मी एकदा कऱ्हाटीला त्यांच्या घरी गेलो तेव्हा काकूंनी माझ्यासमोरच तक्रार मांडली. "लगीन झाल्यावर त्या आरशात मी तोंड बघायची. आता हे पाईपाचं ढुंगान बघत्यात." तात्या शांतपणे म्हणाले, "दोन्हीला तक्रारीला जागा न्हाय." काकू लाजून आत चहा टाकायला गेल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवलेले होते, भिंतीची ओल चौकटीला लागू नये म्हणून. ते मला दिसले याचा तात्यांना इतका आनंद झाला की त्यांनी मला परसातला हौद, शेळीची दावण आणि धान्याची कणगी अशी सगळ्यांची बुडं दाखवली.

ही खोड घरापुरती असती तर ठीक. पण पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तिथेही तेच. मुलगी पोहे घेऊन बाहेर आली, सगळे तिच्याकडे बघतायत आणि आमचे तात्या पडवीत पाण्याच्या पिंपाखाली वाकलेले. मुलीच्या आजीला वाटलं, पाहुण्यांची चप्पल हरवली. तीही बिचारी वाकून शोधू लागली. सगळे परत निघाले तेव्हा वडीलधारे म्हणून तात्यांना विचारलं, कसं काय वाटलं? तात्या म्हणाले, "करून टाका. पिंपाखाली इटा हायत, आन् इटा सुक्या हायत." लग्न झालं आणि चांगलं झालं. ती सून आजही कधी भेटली तरी सांगते की मला कुणी बघितलंच नाही, आमच्या पिंपाला पसंत केलं.

माझ्या आईला तर त्यांनी एका भेटीत जिंकलं. आम्ही बारामतीत दोन खोल्यांत राहायचो. तात्या चहाला आले, बसायच्या आधी गॅसची टाकी तिरपी केली, खाली फरशीवर उठलेलं तांबडं कडं आईला दाखवलं, आणि खिशातून सोडावॉटरच्या बाटलीची तीन बुचं काढून टाकीखाली ठेवली. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत कुठल्याच पानवाल्याच्या दुकानासमोर बूच शिल्लक राहिलं नाही. आई मला म्हणायची, "तुला पगार देतात तो त्या माणसाला द्यायला हवा." मला ते तेव्हा लागायचं, कारण खरं होतं.

त्यांची आणखी एक गंमत मला बऱ्याच दिवसांनी कळली. उभे असले की ते मला "तुमी" म्हणायचे. साहेब, तुमी, बसा, घ्या. पण दोघंही पाईपाखाली उताणे झालो की लगेच "तू". "ए, टॉर्च जरा डावीकडं धर की लेका." बाहेर येऊन कपडे झटकले की पुन्हा तुमी. मला ते पाईपाखालचं आवडायचं. कामं नसली तरी मी खाली जाऊन पडायचो.

एवढ्या मऊ माणसाचा मी एकदाच भडका बघितला. एका रंगाऱ्याने पाईप घासू नये म्हणून त्याच्याखाली गोणपाटाची घडी सारून ठेवली होती. तात्यांनी ती उपसून काढली आणि कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे भिरकावली. "पाईपाला गादी घालायची न्हाय! कवाच न्हाय!" त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मला वाटलं, म्हातारा तापट होत चाललाय.

उन्हाळ्यात दूध कमी असतं, म्हणून तेव्हा प्लँट दोन दिवस बंद ठेवून एकेक पाईप चेनपुलीने उचलायचा, बूड बघायचं, खरवडायचं, रंगवायचं आणि वहीत 'उचलून पाहिले' असं लिहून सही करायची, असा रिवाज होता. माझ्या दुसऱ्या उन्हाळ्यात तात्यांना कावीळ झाली. काम माझ्यावर आलं. त्यातच, प्लँट सुरू झाल्यावर दोन दिवसांत मोठे पाहुणे येणार, असं मॅनेजरसाहेबांनी सांगितलं. मला मोजून चाळीस सपोर्ट उचलायचे होते. मी सव्वीस उचलले. उरलेले चौदा अमोनिया गार करणाऱ्या कंडेन्सरच्या खाली, अडचणीत, जिथे वरून पाणी ठिबकत असतं तिथे. मी रंगाऱ्याला सांगितलं, जिथे पाईप बसलाय तिथेच, वरून मार रंग. फटीत ब्रश दाबून त्याने असा झकास पिवळा रंग मारला की पाईप आणि अँगल एकजीव झाले. पाहुणे खूश झाले. आणि मी वहीत चाळीसच्या चाळीस रकान्यांत 'उचलून पाहिले' लिहिलं.

तात्या बरे होऊन आले तेव्हा त्यांनी ती वही वाचली. माझ्या सहीवर बोट फिरवून म्हणाले, "सायेब, ह्या येळंला तुमी माझं ओझं हलकं केलं बगा." मी वही मिटून कपाटात ठेवली. तेव्हाच बोलायला हवं होतं.

दिवाळीनंतर दुधाचा लोंढा सुरू झाला. टँकरवर टँकर, प्लँट चोवीस तास चालू. एके दिवशी दुपारी तात्यांनी मला हाक मारली. कंडेन्सरपासून खाली टाकीकडे अमोनिया आणणाऱ्या पाईपाखाली ते पडले होते. मी शेजारी जाऊन पडलो. त्यांनी आरसा पुढे केला. माझ्या त्या झकास पिवळ्या रंगातून एक तांबडा ओघळ अँगलवर उतरला होता, आणि शेजारी रंगाला फोड आला होता. अमोनिया विषारी, आणि तो पाईप दाबाखाली होता. फुटला असता तर त्या खोलीतल्या माणसांना दारापर्यंत पोचायलाही वेळ मिळाला नसता.

"हे तू उचलून बघितलं व्हतंस?" तात्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी आरसा मागे घेतला. मग म्हणाले, "तुझी सही बगून म्या ह्या कोपऱ्यात आरसा घातला न्हाय रं."

मला रडू येईल असं वाटलं. पण बोललो ते भलतंच. "तात्या, पुढच्या महिन्यात मला कायम करायचं पत्र निघणार आहे. तुम्ही साहेबांना सांगा ना, गंज सापडलाय म्हणून. वहीचा विषय नको."

"सांगतो की. माझं काय जातंय?" ते म्हणाले. "पन सायेब इचारत्याल, उन्हाळ्यात बघितलं व्हतं तर हितं गंज कसा? मग कोनीतरी म्हनंल, रंग खराब व्हता. त्या रंगाऱ्याला काढत्याल. आन् तुझ्या गळ्यात कळसचा सोपान पडंल. माझ्या पडलाय तसा."

आणि मग तिथेच, त्या पाईपाखाली, त्यांनी मला सोपानची गोष्ट सांगितली. वीसेक वर्षांपूर्वी दोघं एका साखर कारखान्यात होते. हे फिटर, तो वेल्डर. एका डब्यात जेवायचे. तात्या तेव्हा हुशारीने फुगलेले. गरम पाण्याचा पाईप अँगलवर घासतो म्हणून त्यांनी प्रत्येक सपोर्टवर गोणपाटाची जाड घडी घातली. सगळ्यांनी वाहवा केली. त्या गोणपाटाने दोन पावसाळे पाणी पिऊन धरलं, आणि पाईप त्या गादीवर पडल्या पडल्या कुजला. फुटला तेव्हा सुदैवाने खाली कुणी नव्हतं. पण फुटलेल्या जागेपासून हातभर अंतरावर सोपानने केलेला जोड होता. चौकशी होणार म्हटल्यावर तात्यांनी ते कुजकं गोणपाट काढून बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या ढिगात पुरलं. चौकशीत ठरलं, जोड कच्चा होता. सोपानची नोकरी गेली. तो कळसला आपल्या गावी निघून गेला.

"म्या समोर उबा व्हतो," तात्या म्हणाले. "त्यानं माझ्याकडं बघितलं, की हा सांगंल, माझा जोड पक्का हाय म्हनून. म्या चपलेकडं बघत बसलो."

"मग नंतर?"

"नंतर काय. वरीसभरात म्याबी ती नोकरी सोडली. त्या रस्त्यानं यष्टी जाती, म्या चढत न्हाय." त्यांनी आरसा माझ्या छातीवर ठेवला. "तुझं अजून ताजं हाय. जा, सांगून ये. उशीर झाला की लई जड व्हतंय."

मी गेलो. मॅनेजरसाहेब फोनवर टँकरचा हिशेब करत होते. फोन ठेवेपर्यंत धीर सुटेल म्हणून मी फोन चालू असतानाच सांगून टाकलं. "साहेब, चौदा सपोर्ट मी उचलले नव्हते. वहीत खोटं लिहिलं. एक जागा गंजलीय, अमोनियाच्या लाईनची." त्यांनी फोन ठेवला. मला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं काही चुकीचंही नव्हतं. मग त्यांनी माझ्यामागे येऊन उभ्या राहिलेल्या तात्यांना विचारलं, "किती वेळ लागेल?"

"सकाळचं दूध गार झालं की लाईन माझ्या ताब्यात द्या. सांजच्या दुधाआदी घ्या माघारी. थंड पान्याची टाकी तवर दम धरंल."

दुसऱ्या दिवशी लाईन रिकामी केली, पाण्याने धुतली, यू-बोल्ट सोडले आणि चेनपुलीने पाईप चार बोटं उचलला. गंजाचा पापुद्रा अँगललाच चिकटून राहिला. तात्यांनी खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढून पाईपाच्या बुडाला टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. मॅनेजरसाहेब शेजारीच उभे होते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "चौदाच्या चौदा उचला." तात्यांनी तेवढा तुकडा कापून नवा जोडून घेतला, खाली पत्रा, त्याखाली चिरलेला दांडा, दाबाची चाचणी, सगळं. संध्याकाळचा पहिला टँकर फाटकातून आत आला तेव्हा कॉम्प्रेसर चालू झालेला होता. मला कायम करायचं पत्र सहा महिने पुढे ढकललं गेलं. तात्या म्हणाले, "सहा म्हयने म्हंजी काय, यक उन्हाळा. लगीच सरंल."

आता माझी पाळी होती. त्यांचं बघून मीही हट्टी झालो होतो. दर शनिवारी विचारायचो, "तात्या, उद्या कळस?" आणि इतका खरा माणूस इतक्या थापा मारू शकतो हे मला तेव्हा कळलं. उसाला पाणी आहे. शेळी विणार आहे. गुडघा धरलाय. रस्ता खराब आहे असं ऐकलंय. एकदा तर म्हणाले, आज सोपान घरी नसेल. मी म्हटलं, तुम्हाला कसं माहीत? म्हणाले, "वीस वरसांत कवातरी भाईर जात असंल की!" काकूंनी मला सांगून ठेवलं होतं, "मोटारसायकलला बांधून न्या, पन यकदा न्या. झोपंत सोपान सोपान करत्यात."

तात्या निवृत्त झाले तेव्हा डेअरीने शाल, नारळ आणि एक खुर्ची दिली. खुर्ची मिळाल्यावर त्यांनी ती भर सभेत उलटी केली, हे सांगायलाच नको. पण त्यानंतरच्या रविवारी सकाळी ते इस्त्रीचे पांढरे कपडे घालून माझ्या दारात उभे राहिले. "गाडी काढा," म्हणाले. "कारनं संपली."

वाटेत त्यांनी मला तीनदा थांबवलं. एकदा चहाला, एकदा पायात गोळा आला म्हणून, आणि एकदा ओढ्यावरून गेलेला पाण्याचा पाईप खालून बघायला. तिसऱ्या वेळी मी त्यांच्या बखोटीला धरून गाडीवर बसवलं. कळसला रस्त्याच्या कडेला एक पत्र्याची शेड होती, समोर उसाच्या दोन ट्रॉल्या दुरुस्तीला उभ्या होत्या. आत एक काटक म्हातारा डोळ्याला काळी काच लावून जोड मारत होता. तात्यांनी मला गाडीपाशीच थांबायला सांगितलं. त्यांनी पायातल्या वहाणा बाहेर काढल्या, शेडला काही फरशी नव्हती तरीही.

मला बोलणं ऐकू येत नव्हतं. ठिणग्या थांबल्या, काच खाली आली. तात्या मान खाली घालून बोलत होते, हाताने गोणपाटाची घडी दाखवत होते. मग सगळ्या वस्तीला ऐकू गेलं.

"म्हंजी माझा जोड पक्का व्हता?"

"पक्का व्हता, सोपानराव. पाईप सडला, तुमचा जोड न्हाय सडला."

"आन् ह्ये तुला आज सांगाया सुचलं? माझा बाप मरंस्तवर म्हनत व्हता, पोरानं कच्चं काम केलं!"

आणि मग ज्या शिव्या सुरू झाल्या, तशा मी आजवर ऐकलेल्या नाहीत. इंजिनियर, मॅनेजर, ट्रकवाले, सगळ्यांच्या ऐकल्यात, पण त्यात ही आच नव्हती. ट्रॉलीखालची कोंबडी पळाली. शेजारच्या बायका दारात आल्या. मी पुढे झालो, तर तात्यांनी मला हाताने मागे सारलं. ते हात जोडून ताठ उभे होते आणि एकेक शिवी ऐकून घेत होते. मग सोपानरावांचा घसा बसला. ते ट्रॉलीच्या चाकावर टेकून बसले आणि मनगटाने डोळे पुसू लागले. आतून कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून दिला. त्यांनी निम्मा प्यायला, आणि उरलेला न बघताच तात्यांच्या पुढे धरला.

तात्या बाहेर आले, वहाणा घातल्या आणि माझ्यामागे बसले. गाव मागे पडलं. मग माझ्या खांद्यावर थाप पडली.

"इंजिनेर, फुडच्या रयवारी मोकळा हायस का?"

"का हो, तात्या?"

"ये म्हनलाय. निम्म्या शिव्या राहिल्यात."